एंटर दाबायच्या आधी

रसायनशास्त्राच्या प्रॅक्टिकलला जाताना काय न्यायचं ते सगळ्यांना ठाऊक असतं : ॲप्रन, जर्नल, आणि काच फुटली तर भरायला पैसे. संख्याशास्त्राच्या प्रॅक्टिकलचं तसं नाही. प्रयोगशाळा म्हणावी तर तिथे परीक्षानळी नाही, सूक्ष्मदर्शक नाही. लांब टेबलं, थोडे कॉम्प्युटर आणि भिंतीवर नॉर्मल कर्व्हचा तक्ता. मुलं रिकाम्या हातानं आत जातात, भरलेलं जर्नल घेऊन बाहेर येतात, आणि मध्ये नेमकं काय झालं हे विचारलं तर सांगता येत नाही.

माझी लेक यंदा एफ.वाय.ला गेली आणि तिच्या विषयांत संख्याशास्त्र आलं. घरात या विषयाची दोन माणसं असल्यामुळे सल्ल्याला तोटा नव्हता, एकमताला होता. आत्यानं सांगलीकडच्या एका कॉलेजात आयुष्यभर हा विषय शिकवला. ती स्वतः शिकली पुणे विद्यापीठात, व. शं. हुजूरबाजारांनी उभारलेल्या विभागात. फॅसिटच्या मशीनचं हँडल गरागरा फिरवून गुणाकार करण्याचा तो काळ. धाकटा भाऊ पुण्यात एका कंपनीत डेटा ॲनालिस्ट आहे, आणि शनिवारी एका कॉलेजात आर या सॉफ्टवेअरची लॅब घेतो. वर्गाला आणि लॅबला जाताना तयारी कशाची करायची यावर दोघांचं जे वाजलं, ते इथे देते आहे. मधेमधे तोंड घालण्याचा हक्क मी राखून ठेवला आहे, कारण फी मी भरली आहे.

भाऊ : सोपं आहे. उद्या वर्गात काय होणार ते आज बघून जायचं. दहा मिनिटांचा व्हिडिओ पुरतो.

आत्या : व्हिडिओ बघताना सगळंच समजतं, तोच धोका आहे. दुसऱ्याच्या हातून गणित सुटताना पाहिलं की आपल्यालाही येतं असं वाटतं. बघायचंच असेल तर पुस्तकातलं एक सोडवलेलं उदाहरण घे, उत्तर हातानं झाक, आणि कुठे अडतेस तेवढं बघ. ती अडलेली जागा घेऊन वर्गात जा. आणि चिन्हं पाठ कर. निम्मी मुलं गणितात अडकतच नाहीत, चिन्हांतच अडकतात. सांग गं, आकडे आहेत १, २, ३. सिग्मा एक्स स्क्वेअर किती?

लेक : छत्तीस.

आत्या : तू आधी बेरीज केलीस आणि मग वर्ग. मी विचारलं होतं आधी वर्ग, मग बेरीज. १, ४, ९, म्हणजे चौदा. हा फरक हातात नसला की व्हेरियन्स कधीतरी उणे येतो, आणि मूल बिचारं शेजारच्याचा कॅल्क्युलेटर मागून बघतं. वहीच्या पहिल्या पानावर चिन्हं लिहून ठेव. बेरजेचा तो मोठा सिग्मा. एक्सबार आणि एस नमुन्याचे, म्यू आणि छोटा सिग्मा पॉप्युलेशनचे. म्यू किंवा छोटा सिग्मा दिसला की समजायचं, हे आपल्याला सहसा माहीत नसतं, त्याचा फक्त अंदाज करायचा असतो.

भाऊ : चिन्हं येतात गं मुलांना. मी फ्रेशर्सच्या मुलाखती घेतो. एक प्रश्न नेहमी टाकतो : १०, १०, १०, १० यांचं स्टँडर्ड डेव्हिएशन सांगा. बरेच जण पेन काढून सूत्र लिहायला लागतात. सूत्र तोंडपाठ, आणि समोरचे चारही आकडे एकच आहेत हे दिसत नाही.

आत्या : कारण हातानं केलेलं नसतं.

भाऊ : हातानंच केलेलं असतं, तीन वर्षं, जर्नलभर.

एकच किस्सा दोघांच्याही बाजूनं साक्ष देतो आहे हे दोघांच्या लक्षात आलं असावं, कारण क्षणभर कुणीच बोललं नाही. लेकीनं ती संधी साधली.

लेक : माझ्या कॅल्क्युलेटरवर एसडीची दोन उत्तरं येतात. एक सिग्मा एन, एक सिग्मा एन वजा एक. जर्नलमध्ये कुठलं लिहू?

भाऊ : नमुना असेल तर एन वजा एकवालं.

आत्या : का?

भाऊ : ते अनबायस्ड असतं म्हणून.

आत्या : हे तुझं पाठ केलेलं उत्तर झालं. तिला कागद दे.

पुढची दहा मिनिटं आत्याची होती. डब्यात तीन चिठ्ठ्या आहेत, १, २ आणि ३. हेच आपलं अख्खं पॉप्युलेशन. सरासरी २. विचलनांचे वर्ग १, ०, १. बेरीज २, भागिले ३, म्हणून खरा व्हेरियन्स दोन तृतीयांश. आता समज, हे आपल्याला माहीत नाही. आपण डब्यातून एक चिठ्ठी काढतो, आकडा लिहितो, चिठ्ठी परत टाकतो, पुन्हा एक काढतो. दोन आकड्यांचा नमुना झाला. असे किती नमुने निघू शकतात? नऊ. लेकीनं नऊच्या नऊ लिहिले. (१,१), (२,२), (३,३) यांत फरकच नाही, तिथे विचलनांच्या वर्गांची बेरीज शून्य. (१,२), (२,१), (२,३), (३,२) या चारांत ती बेरीज अर्धा. (१,३) आणि (३,१) मध्ये दोन.

आत्या : आता प्रत्येक बेरजेला दोननं भाग, कारण नमुन्यात दोन आकडे आहेत. नऊ उत्तरांची सरासरी काढ.

लेक : सगळ्यांची बेरीज येते तीन. भागिले नऊ. एक तृतीयांश.

आत्या : खऱ्याच्या निम्मं. आता दोनऐवजी एकनं भाग, म्हणजे एन वजा एकनं.

लेक : बेरीज सहा. भागिले नऊ... दोन तृतीयांश! बरोबर तेच आलं.

आत्या : कारण शोध. (१,१) हा नमुना बघ. खरी सरासरी २ आहे, पण या नमुन्याला वाटतं ती १ आहे. नमुना आपली सरासरी स्वतःतूनच काढतो, म्हणून ती नेहमी त्याच्या आकड्यांच्या जवळ जाऊन बसते आणि पसरण आहे त्यापेक्षा कमी दिसते. एन वजा एक ती तूट भरून काढतो. आणि हे मी व्हेरियन्सबद्दल बोलते आहे हं. वर्गमूळ काढून एसडी केला की हिशोब इतका चोख राहत नाही. ते पुढे येईल.

भाऊ : आरमध्ये मी हे तीन ओळींत दाखवतो, दहा हजार वेळा चिठ्ठ्या काढून.

आत्या : दाखव की. या नऊ ओळी लिहून झाल्यावर दाखव. आधी दाखवलंस तर ती जादू होते.

इथे मी आत्याच्या बाजूची आहे. पण भावानं पुढे जे सांगितलं ते आत्यालाही नवं होतं. पायथनमध्ये काम करताना नमपाय नावाचं पॅकेज, तुम्ही काही सांगितलं नाही तर, एननं भागतं. पांडाज नावाचं दुसरं पॅकेज, काही सांगितलं नाही तर, एन वजा एकनं. आर नेहमी एन वजा एकनं. एक्सेलमध्ये दोन्हींसाठी वेगळी फंक्शन्स आहेत, नमुन्याच्या फंक्शनच्या नावाशेवटी एस आणि पॉप्युलेशनच्या शेवटी पी. म्हणजे १, २, ३ हेच आकडे देऊन एक जण एसडी १ सांगतो आणि दुसरा ०.८१६, आणि दोघांचा प्रोग्रॅम एकही एरर देत नाही. अशा फरकावरून ऑफिसात मोठी माणसं भांडताना त्यानं पाहिली आहेत.

आत्या : म्हणजे मशीन बदललं, आमच्या दोन बटणांचा घोळ तसाच राहिला.

भाऊ : म्हणूनच माझ्या लॅबचा एक नियम आहे. एंटर दाबायच्या आधी उत्तराचा अंदाज पेनानं वहीत लिहायचा. पेन्सिलनं नाही. तुमच्या वर्गातल्या पंचवीस-तीस मुलींच्या उंच्या घेतल्या. सगळ्यात बुटकी १४८ सेंटिमीटर, सगळ्यात उंच १७२. फरक २४. त्याचा चौथा भाग ६. एसडी सहाच्या आसपास हवा. ३६ आला तर वर्गमूळ राहिलं.

आत्या : चौथा भाग हा ढोबळ ठोकताळा झाला. पाच आकड्यांवर लावशील तर फसशील. आकडे जितके कमी, तितका हा भाजक लहान हवा.

भाऊ : मान्य. पण अंदाज चुकला तरी चालतो, तोच तर मुद्दा आहे. लिहिलेला अंदाज चुकला की माणूस थांबून विचार करतो. न लिहिलेला अंदाज कधीच चुकत नाही. उत्तर आल्यावर प्रत्येकाला वाटतं, मला हेच वाटलं होतं.

यावर आत्यानं मान हलवली. तिच्या मते मात्र मुलांचा खरा प्रश्न उत्तराचा नसून आकड्यांचा आहे. आकडे आयते येतात. पुस्तकात शंभर पोत्यांची वजनं छापलेली असतात. ती पोती कुणी पाहिली, कुठल्या काट्यावर तोलली, कुणाला माहीत नसतं. वर्गातल्या प्रत्येकाला तीच शंभर पोती, म्हणून जर्नलही एकमेकांचं बघून. कॉपीबद्दल प्राध्यापक मंडळी जेवढी ओरडतात तेवढा दोष मुलांचा नाही, असं माझंही मत आहे. तीच पोती दरवर्षी देणाऱ्यानं दुसरं काय अपेक्षावं?

आत्या : मी सांगायचे, नाणं शंभर वेळा उडवा आणि क्रमानं निकाल लिहून आणा. बरीच मुलं नाणं न उडवताच लिहून आणत. वही उघडली की ओळखायचे.

लेक : कसं?

आत्या : खोटं लिहिणारा हात घाबरतो. लागोपाठ तीनदा छापा लिहिला की चौथ्या वेळी त्याच्यानं काटाच लिहिला जातो. खऱ्या शंभर फेकींत लागोपाठ पाच सारखे जवळपास नेहमीच येतात, सहासुद्धा पुष्कळदा येतात. ज्याच्या वहीत चारच्या पुढे साखळीच नाही, त्यानं नाणं खिशातच ठेवलेलं असतं. आणि फक्त मुलंच असं करतात असं नाही. आपल्याकडे वय विचारलं की माणसं तीस, पस्तीस, चाळीस सांगतात. जनगणनेच्या तक्त्यांत शून्यावर आणि पाचवर संपणाऱ्या वयांचे सुळके दिसतात. ते किती उंच आहेत हे मोजायला व्हिपलचा निर्देशांक म्हणून एक माप आहे, २३ ते ६२ या वयांवर काढतात. तेव्हा वर्गाची तयारी म्हणजे एकदा तरी स्वतःच्या हातानं, स्वतःच्या डोळ्यांनी आकडे गोळा कर.

भाऊ : कुठले?

आत्या : कोसंबींसारखे. दामोदर धर्मानंद कोसंबी फर्ग्युसनमध्ये गणित शिकवत होते तेव्हा त्यांनी प्राचीन आहत नाणी तोलली. चांदीची, ठसे मारलेली. तक्षशिलेला सापडलेले साठे त्यात होते. तर्क असा की नाणं हातोहात फिरलं की झिजतं, म्हणून जास्त फिरलेल्या नाण्यांचं सरासरी वजन घटतं. आणि सगळी नाणी सारखी झिजत नाहीत, म्हणून त्यांच्यातली तफावत वाढत जाते. या तर्काची खात्री करायला रोजच्या चलनातली नाणीसुद्धा त्यांनी तोलली. वापरली काय, तर सरासरी आणि व्हेरियन्स. तुझ्या पहिल्या युनिटातल्या गोष्टी. त्यावरून कुठली नाणी आधीची, कुठली नंतरची, हे ते मांडू शकले. तू रुपयाची नाणी जमव. प्रत्येकावर साल असतंच. रसायनशास्त्राच्या लॅबमधल्या तराजूवर तोल, स्वयंपाकघरातला काटा चालणार नाही.

भाऊ : थांब. आधी अंदाज. काय दिसेल?

लेक : जुनं नाणं हलकं असेल. झिजलेलं म्हणून.

भाऊ : पेनानं लिही. आता सांगतो. १९९२ पासून निघालेला स्टीलचा रुपया ४.८५ ग्रॅमचा होता. २०११ च्या मालिकेत तो ३.७९ ग्रॅमचा झाला. म्हणजे डबा भरून नाणी तोललीस तर जुनं नाणं जड निघेल आणि नवं हलकं. साल आणि वजन यांचं कोरिलेशन काढलंस तर ते उणे येईल, चांगलं ठसठशीत उणे. आणि झिजेबद्दल त्यातून काहीही कळणार नाही.

लेक : मग कोसंबी चुकले?

आत्या : कोसंबी एका जातीची नाणी एकत्र ठेवत होते. तू दोन जातींची मिसळलीस. आधी मालिका वेगळ्या कर, मग प्रत्येक मालिकेत साल आणि वजन बघ. तिथे झीज दिसली तर दिसेल. तीही किती, तर बहुधा तराजूच्या अचूकतेच्या आसपास. तेही जर्नलमध्ये लिहायचं, लाजायचं नाही.

भाऊ : आणि हे कोरिलेशनच्या आकड्यात कधीच दिसलं नसतं. ग्राफ काढला असता तर एका नजरेत दिसलं असतं. ठिपक्यांचे दोन वेगळे पुंजके, एक वर, एक खाली. म्हणून मी म्हणतो आधी चित्र. फ्रान्सिस अँस्कोम्बनं १९७३ मध्ये चार छोटे डेटासेट रचून हेच दाखवलं. प्रत्येकात अकरा जोड्या. एक्सची सरासरी चारही ठिकाणी ९, वायची ७.५, कोरिलेशन ०.८१६, रिग्रेशनची रेषासुद्धा तीच. चित्र काढलं की एक साधा तिरका पुंजका, एक वक्र, एक सरळ रेषा आणि तिच्याबाहेर एकच वाट चुकलेला ठिपका, आणि चौथ्यात एक सोडून सगळे ठिपके एका उभ्या ओळीत. आरमध्ये तो डेटा आधीपासून भरलेलाच असतो. आज रात्री उघडून बघ.

आत्या : चित्र आधी हे मी तुझ्या जन्माच्या आधीपासून सांगते आहे. तेव्हा त्याला ग्राफ पेपर म्हणत.

रुपयाचं हे उदाहरण मला फार आवडलं. दोघांनी मिळून ते नकळत उभं केलं : तिनं कोसंबी आणले, त्यानं टांकसाळ. शितावरून भाताची परीक्षा करायची तर भात एकाच तांदळाचा हवा, एवढं सांगून मी भांडी आवरायला घेतली. पण वाद संपला नव्हता. स्वयंपाकघरात ऐकू येत होता.

भाऊ : आता लॅबची तयारी. आर घरी इन्स्टॉल करून जायचं, कॉलेजच्या वायफायवर विसंबून नाही. एक फोल्डर करायचा, नावात रिकामी जागा नको. डेटाची फाइल आधी साध्या नोटपॅडमध्ये उघडून डोळ्यांनी बघायची. एखाद्यानं पगाराच्या रकान्यात आपल्या पद्धतीनं स्वल्पविराम देऊन १,२५,००० लिहिलं असेल, तर स्वल्पविरामानं तुटणाऱ्या फाइलमध्ये त्याचे तीन रकाने होतात. मार्कांच्या रकान्यात गैरहजर मुलाला ‘एबी’ लिहिलेलं असेल तर अख्खा रकाना आकड्यांचा न राहता मजकुराचा होतो, आणि सरासरी काढायला गेलं की आर नकार देतो. मुलं घाबरतात, कोड बदलत बसतात. दोन तासांच्या लॅबमधला पहिला तास यातच जातो.

आत्या : आणि मग वैतागून ‘एबी’च्या जागी शून्य टाकतात.

भाऊ : हो. आणि सरासरी खाली येते.

आत्या : हा तुझ्या सॉफ्टवेअरचा दोष नव्हे. गैरहजर आणि शून्य मार्क यात फरक आहे हे ज्याला हातानं हजेरीपट भरताना कळलं, तो असं करत नाही.

भाऊ : आत्या, प्रत्येक गोष्ट तुझ्या हातावरच कशी येते?

आत्या : कारण तुझं बोट फक्त एंटरवर असतं.

त्यानं हे हसून सोडून दिलं आणि लेकीला दोन कामाच्या गोष्टी सांगितल्या. नसलेली नोंद आर एनए अशी दाखवतो, आणि एकही एनए असला की सरासरीही एनए येते. एनए वगळायला वेगळं सांगावं लागतं, आणि वगळण्याआधी ती नोंद का नाही हे विचारावं लागतं. दुसरं म्हणजे लाल अक्षरातली एरर वाचायची. मुलं ती वाचतच नाहीत, तिचा फोटो काढून ग्रुपवर टाकतात. आणि एका कॉम्प्युटरवर दोघी बसल्यात तर टाइप करणारीनं दर अर्ध्या तासानं खुर्ची सोडायची. नाहीतर एक शिकते, दुसरी सही करते.

लेक : सिनियर सांगत होत्या की व्हायवाला पी-व्हॅल्यू विचारतातच. मी उत्तर पाठ केलंय. पी-व्हॅल्यू ०.०३ म्हणजे नल हायपोथिसिस खरं असण्याची शक्यता तीन टक्के.

आत्या : (भावाकडे बघून) हे तुमच्या व्हिडिओतलं का?

भाऊ : व्हिडिओतलं असेल, पुस्तकातलं असेल, कुठलंही असेल. चुकीचं आहे, एवढं नक्की.

मग आत्यानं चहा मागितला. संख्याशास्त्रज्ञ फिशरच्या १९३५च्या पुस्तकातला चहाचा प्रयोग संख्याशास्त्राच्या वर्गात इतक्यांदा सांगितला गेला आहे की पुन्हा सांगायची भीती वाटते. पण लेकीनं तो ऐकलेला नव्हता, आणि आत्या तो गोष्ट म्हणून सांगत नाही, मोजायला लावते. एक बाई म्हणते, कपात दूध आधी ओतलं की चहा, हे मी चवीवरून सांगते. आठ कप मांडा. चारांत दूध आधी, चारांत चहा आधी. बाईंना हे माहीत आहे. त्यांनी दूध आधीचे चार कप निवडायचे.

आत्या : बाईंना काही कळत नाही असं धर. नुसते डोळे मिटून चार कप उचलले. किती तऱ्हांनी उचलता येतील?

लेक : आठातून चार... सत्तर.

आत्या : त्यातली बरोबर तऱ्हा एकच. तेव्हा चारही बरोबर आले तर पी-व्हॅल्यू एक सत्तरांश, साधारण ०.०१४. आता वाक्य नीट बोल. ‘बाईंना काही कळत नाही असं मानलं, तर इतका चांगला किंवा याहून चांगला निकाल येण्याची शक्यता इतकी.’ मानलं तर. बाईंना कळतं की नाही याची शक्यता आपण काढलेलीच नाही. आता सांग, चारपैकी तीन बरोबर आले तर?

लेक : तीन बरोबर म्हणजे चारातले तीन आणि चुकीच्या चारातला एक. चार गुणिले चार, सोळा. सोळा सत्तरांश?

आत्या : आणि याहून चांगला निकाल?

लेक : तो एक. सतरा सत्तरांश. म्हणजे... ०.२४!

भाऊ : म्हणजे चारातले तीन ओळखले तरी काहीच सिद्ध होत नाही. हे एरवी मुलांना पटत नाही. तीन चतुर्थांश मार्क म्हणजे डिस्टिंक्शन वाटतं.

व्हायवाच्या आदल्या रात्री काय वाचावं असं कुणी मला विचारलं तर मी सांगेन, काही वाचू नका, हे सत्तर मोजा. तीन बरोबर असताना सोळा कुठून आले हे ज्याला कागद न घेता सांगता येतं, त्याला एक्सटर्नल फार छळू शकत नाहीत. विद्यापीठाच्या प्रॅक्टिकल परीक्षेला इतकं लागत नाही, हे मलाही कळतं. तिथे सूत्र, तक्ता, उत्तर आणि शेवटी ‘निष्कर्ष’ या मथळ्याखाली एक ठराविक वाक्य लिहिलं की मार्क मिळतात. भावाचं म्हणणं, मग ते ठराविक वाक्य आधी पाठ करून टाकावं आणि उरलेला वेळ खऱ्या कामाला द्यावा. आत्याला हे अजिबात पटलं नाही. निष्कर्ष पाठ करायचा असेल तर प्रयोग कशाला, असं तिचं म्हणणं. मला भावाचं पटतं, आणि तसं पटतं याचं थोडं वाईटही वाटतं.

लेक : मामा, पण खरं सांगू? आमच्या बॅचमध्ये सगळे एआयला विचारून कोड लिहितात. ते चूक आहे का?

भाऊ : मीही ऑफिसात वापरतो. माझी अट एवढीच, ज्या ओळीचा अर्थ सांगता येत नाही ती ओळ फाइलमध्ये ठेवायची नाही. आणि एआयला आधी उत्तर विचारायचं नाही. आधी आपला अंदाज, मग त्याचा कोड, मग १, २, ३ सारखे आकडे घालून बघायचं की बाबा हा कशानं भागतो आहे.

आत्या : आणि अंदाज कुठून येणार? कधी हातानं केलंच नसेल तर तिला कसं कळणार की ०.८१६ आलं हे एननं भागल्यामुळे? पहिली चार प्रॅक्टिकल कॅल्क्युलेटरवर. त्यानंतर काय वाटेल ते करा.

भाऊ : आत्या, तिच्या कॉलेजात पहिलंच प्रॅक्टिकल एक्सेलवर आहे. गुरुवारी.

आत्या : मग बुधवारी संध्याकाळी माझ्याकडे ये गं. कॅल्क्युलेटर आण, रुपयाची नाणी आण. याला आणू नकोस.